मीटर घेताना आत काय आहे ते बघा

(सामुदायिक रेडिओवर दिलेलं भाषण)

मी ठाकूरद्वारला राहते. आमच्या चाळीत जिन्यापाशी माझं एक टेबल आहे. त्या टेबलावर मी मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, गिझर, लोकांची बंद पडलेली अ‍ॅडॉप्टरं असं काय काय दुरुस्त करते. हे काम मी शिकले मामंजींकडून. ते रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचा काट्याचा मीटर अजून माझ्या कपाटात आहे.

गेल्या महिन्यात समोरच्या खोलीतली मुलगी आली. तिने यंदा इलेक्ट्रिशियनच्या कोर्सला नाव घातलंय. म्हणाली, "मावशी, मीटर घ्यायचाय. लॅमिंग्टन रोडला दोन बघून आले. दोन्ही पिवळे, दोन्ही दिसायला सारखेच. एकावर ८३२ लिहिलंय, एकावर ८३८. पन्नास रुपयांचा फरक आहे. कुठला घेऊ?"

मी पटकन म्हणणार होते, "कुठलाही घे गं." पण माझं लक्ष माझ्या उजव्या हाताच्या बोटाकडे गेलं. तिथे एक जुना डाग आहे. म्हटलं, बस. नीट सांगते. तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगणार आहे, कारण आता आपल्यातल्या कितीतरी जणी घरचा फ्यूज, बोर्ड, अ‍ॅडॉप्टर स्वतः बघतात, आणि पिवळा मीटर बऱ्याच घरांत आलाय.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मल्टिमीटर म्हणजे एकाच डबीत तीन मापं. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, अँपियर म्हणजे प्रत्यक्ष वाहणारी वीज, आणि ओहम म्हणजे वाटेतला अडथळा. आपल्या नळासारखंच आहे. दाब किती, धार किती, पाइप कुठे तुंबलाय. पूर्वी या तिन्हींसाठी तीन वेगळी यंत्रं बाळगावी लागत. ब्रिटनच्या टपाल खात्यात डोनाल्ड मॅकाडी नावाचे इंजिनिअर होते. त्यांना या ओझ्याचा कंटाळा आला. त्यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये एव्होमीटर बाजारात आला. अँपियर, व्होल्ट आणि ओहम, या तिघांची आद्याक्षरं जोडून ते नाव झालं. मामंजींचा काट्याचा मीटर त्याच घराण्यातला.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे. व्होल्ट मोजताना मीटरने स्वतःतून जवळजवळ काहीच वीज जाऊ द्यायची नसते, म्हणून आत मोठा अडथळा असतो. अँपियर मोजताना मात्र सगळी वीज मीटरमधूनच जायला हवी, म्हणून आत नुसती जाड तार असते, अडथळा जवळजवळ शून्य. म्हणजे एकाच डबीत दोन उलट स्वभावाच्या जावा राहतात. तुम्ही लाल वायर कुठल्या भोकात घालता, त्यावर कुठली जाऊ पुढे येणार ते ठरतं.

आता त्या पिवळ्या मीटरकडे येऊ. याचं कुटुंब ८३०चं. ८३०बी हा साधा. त्यात व्होल्ट, डीसी अँपियर, ओहम, डायोड आणि ट्रान्झिस्टर तपासायची भोकं आहेत, पण बझर नाही. म्हणजे वायर आतून तुटली आहे की नाही हे बघताना आवाज येत नाही, दर वेळी मान वर करून आकडा बघावा लागतो. ८३२ मध्ये बझर आला, शिवाय चौकोनी लहरीचा एक सिग्नल मिळतो. रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायरवाल्यांना तो उपयोगी, आपल्याला फारसा नाही. ८३८ मध्ये बझर आहे आणि सिग्नलच्या जागी तापमान मोजायची सोय, सोबत बारीक तारेचा सेन्सर. इस्त्रीचा थर्मोस्टॅट तपासताना मला तो उपयोगी पडतो.

या तिघांच्या पोटात बघाल तर मेंदू एकच. १९७० च्या दशकात इंटरसिल कंपनीने ७१०६ नावाची चिप काढली, तिचीच ही वंशावळ. हल्ली ती चिप काळ्या डिंकाच्या थेंबाखाली पीसीबीवर चिकटवलेली असते. तिघांनाही ९ व्होल्टची बॅटरी लागते, तिघांचाही आकडा १९९९ पर्यंतच जातो, आणि घरातल्या एसी विजेचे अँपियर तिघांपैकी कोणीही मोजत नाही. म्हणजे ८३२ आणि ८३८ मधला पन्नास रुपयांचा फरक हा एका सोयीचा फरक आहे. दर्जा वाढला असं नाही.

आणि तिघांमध्ये आणखी एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे १० अँपियरचं भोक. त्याच्याशेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं, अनफ्यूज्ड. म्हणजे या वाटेवर फ्यूज नाही.

आता माझ्या बोटाची गोष्ट. एका रात्री मी टेबलावर एक अ‍ॅडॉप्टर तपासत होते. तो किती अँपियर देतो ते बघायला लाल वायर १० अँपियरच्या भोकात घातली. काम झालं, मीटर तसाच पिशवीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फणसवाडीतून बोलावणं आलं, मिक्सर चालत नाही. मी म्हटलं, आधी बोर्डावर वीज येतेय का बघू. नॉब एसी व्होल्टवर फिरवला आणि दोन्ही टोकं सॉकेटमध्ये घातली.

नॉब व्होल्टवर होता, पण वायर अँपियरच्या भोकात होती. म्हणजे मी फेज आणि न्यूट्रल जाड तारेने सरळ जोडून टाकले. फाट्कन आवाज झाला, निळा-पांढरा उजेड पडला, मीटरच्या टोकाचं पितळ वितळून माझ्या बोटावर उडालं आणि सगळ्या खोलीची वीज गेली. वहिनी ओट्यापासून मागे सरकल्या. लहान मुलगा दारात उभा होता, तो रडायला लागला.

चूक माझी होती. ती कबूल आहे. पण मैत्रिणींनो, सकाळच्या घाईत अशी चूक कुणाकडूनही होते. चूक झाल्यावर मीटर काय करतो, यावर सगळं ठरतं. त्या दिवशी मला वाचवलं ते मीटरने नाही, वहिनींच्या खोलीतल्या एमसीबीने. हीच टोकं मी खाली, जिथे बेस्टची केबल चाळीत येते त्या मीटर बॉक्सपाशी लावली असती, तर मी आज बोलायला नसते कदाचित.

त्यानंतर मी मीटर उघडून बघायला लागले. दोन-तीन वर्षांच्या अंतराने घेतलेले माझ्याकडे दोन ८३२ होते. तोंडावरचं छापकाम तेच, नंबर तोच. पाठीचे स्क्रू काढले तर आत फरक. एकात काचेचा फ्यूज क्लिपमध्ये बसवलेला, गेला तर बदलता येईल असा. दुसऱ्यात फ्यूज थेट डाख देऊन लावलेला आणि पीसीबी बिस्किटाइतकी ठिसूळ. एकात वायर घालायची पितळी नळी जाड, दुसऱ्यात पत्र्याची. नंबर हा मीटरचा जन्मदाखला नाही. एकाच नंबराखाली अनेक कारखाने आपापल्या हिशेबाने माल भरतात.

मग मी चांगल्या मीटरच्या आत काय असतं ते विचारत फिरले. काचेच्या बारीक फ्यूजऐवजी सिरॅमिकचा जाड फ्यूज असतो, आत वाळू भरलेली. काचेचा फ्यूज मोठ्या शॉर्टला जळतो, पण त्याच्या आत ठिणगीचा पूल तयार होऊन वीज वाहतच राहू शकते. वाळू तो पूल विझवते. भोकांमध्ये अंतर जास्त असतं, पीसीबीला मध्ये चिरा पाडलेल्या असतात, म्हणजे ठिणगी इकडून तिकडे उडी मारू नये. अचानक आलेला जास्त दाब गिळणारे भाग आत असतात. यातलं काहीही डिस्प्लेवर दिसत नाही. जाहिरातीत लिहायला ते छान वाटत नाही. पण किमतीतला मोठा हिस्सा तिथेच गेलेला असतो.

बाहेरून ओळखायची खूण म्हणजे कॅट. मीटरच्या तोंडावर कॅट २, कॅट ३, कॅट ४ असं छापलेलं असतं, आकडे बहुतेक रोमन. कॅट २ म्हणजे सॉकेटला लावायची उपकरणं. कॅट ३ म्हणजे भिंतीतली वायरिंग, डीबी, एमसीबीचं पॅनल. कॅट ४ म्हणजे वीज इमारतीत शिरते ती जागा. केबलच्या जितकं जवळ जाल, तितका शॉर्टचा जोर मोठा. सोबत व्होल्टही बघायचे. ६०० व्होल्ट कॅट २ च्या मीटरला ४००० व्होल्टचा अचानक धक्का झेलावा लागतो, ६०० व्होल्ट कॅट ३ ला ६०००. आपल्या घरात २३० व्होल्ट, मग ६००० कशाला, असं वाटेल. पण वीज पडली, सबस्टेशनमध्ये मोठा स्विच पडला, की वायरीतून क्षणभर असे धक्के येतात. आणि कॅटची अक्षरं तर कुणीही छापू शकतं. म्हणून शेजारी यूएल, सीएसए, टीयूव्ही अशा तपासणी संस्थेची खूण आहे का तेही बघा.

आता दुसरं टोक. महाग मीटर. फ्लूक या कंपनीची ११० ची मालिका आहे. यातले ११४, ११५, ११६ आणि ११७ शेजारी ठेवले तर चार जुळी भावंडं. चौघांचं शरीर एक, चौघेही कॅट ३, ६०० व्होल्ट, आकडा ६००० पर्यंत. फरक कामाप्रमाणे आहे. ११४ मध्ये अँपियर मोजायची सोयच नाही. ११५ मध्ये १० अँपियरपर्यंत मोजता येतं. ११६ एसी-फ्रिजवाल्यांसाठी, त्यात तापमान आणि अगदी बारीक करंट मोजता येतो. ११७ इलेक्ट्रिशियनसाठी. त्यात १० अँपियर आहे, वायरीला न टेकता वीज आहे की नाही हेही तो सांगतो.

इथे मला एक गंमत कळली. ११४ मध्ये अँपियरचं भोक नाही, म्हणजे माझ्यासारखी चूक त्याच्याशी करताच येत नाही. एक सोय कमी आहे, आणि तोच त्याचा गुण आहे. फक्त "वीज आहे का, किती व्होल्ट आहेत, वायर तुटली का" एवढंच बघायचं असेल, तर भोकं कमी असलेला मीटर जास्त सुरक्षित. अँपियरसाठी वेगळा क्लँप मीटर घ्यावा. तो वायर न तोडता, न सोलता, तिच्याभोवती चिमटा लावून मोजतो.

११५ आणि बाकीच्या तिघांत आणखी एक फरक आहे, आणि तो आमच्यासारख्या जुन्या चाळींत फार महत्त्वाचा. मुगभाटातल्या एका खोलीत खटका बंद केला तरी दिव्याच्या वायरीत वीज दिसत होती. माझ्या पिवळ्या मीटरवर थोडीच, पण तिथे आलेल्या दुसऱ्या कारागिराच्या महागड्या मीटरवर सत्तरच्या वर व्होल्ट. तो म्हणाला, भिंत फोडावी लागेल. काकू घाबरल्या. खरं म्हणजे ती वायर मेलेलीच होती. शेजारून जिवंत वायर एकाच पाइपातून लांबवर गेली होती, तिची नुसती सावली हिच्यावर पडत होती. चांगल्या मीटरचा आतला अडथळा फार मोठा, म्हणून त्याला सावलीही दिसते. स्वस्त मीटरचा अडथळा कमी, तो सावलीला थोडं दाबून टाकतो. म्हणजे दोन मीटर वेगळे आकडे दाखवत होते आणि दोघेही खोटं बोलत नव्हते.

यासाठी ११४, ११६ आणि ११७ मध्ये लो-झी नावाची सोय आहे. ती लावली की मीटर आपला अडथळा मुद्दाम खूप कमी करतो. सावली असेल तर आकडा शून्याकडे पडतो, खरी वीज असेल तर आकडा टिकतो. ११५ मध्ये ही सोय नाही. लो-झी नसेल तर आम्ही साधा उपाय करतो. त्याच वायरीवर एक साधा पिवळा बल्ब लावून मग मोजतो. भूत असेल तर पळतं. मुगभाटात तसंच केलं आणि काकूंची भिंत वाचली. पण आकडा पडला नाही, तर ती वीज खरी समजायची आणि हात काढून घ्यायचा.

अचूकपणाही बघा. ८३० घराण्याचा एसी व्होल्टचा अचूकपणा साधारण १.२ टक्के अधिक शेवटच्या जागचे १० आकडे असा देतात. २३० व्होल्टला हिशेब केला तर १२-१३ व्होल्ट इकडे-तिकडे होऊ शकतात. ११७ मध्ये हाच फरक तीन व्होल्टच्या आत. "आज व्होल्टेज कमी आहे" असं कुणी २२० बघून म्हणालं, तर मी आधी विचारते, कुठल्या मीटरवर? शिवाय ट्रू आरएमएस नावाची एक गोष्ट असते. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमागे विजेची लहर कापली जाते, तिथे साधा मीटर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. ट्रू आरएमएस असलेला बरोबर दाखवतो. आणि हो, पिवळ्या मीटरची बॅटरी उतरली की तो आकडे फुगवून दाखवतो. बॅटरीची खूण दिसली की ती आधी बदला.

सगळं चांगलं परदेशातच बनतं असं नाही. नाशिकला सातपूरच्या ऋषभ कंपनीच्या रिश मल्टी मीटरमध्ये मला एक युक्ती फार आवडली. नॉब फिरवला की आतून भोकांवर झडप सरकते. नॉब व्होल्टवर असेल तर अँपियरचं भोक बंद. चुकीची वायर घालताच येत नाही, आणि वायर आत असेल तर नॉब चुकीकडे वळत नाही. माणूस चुकणार हे धरून बनवलेली वस्तू. फणसवाडीच्या त्या सकाळी माझ्या पिशवीत असा मीटर असता, तर बोट राहिलं असतं.

आता शेवटी, कुणी काय घ्यावं.

घरी सेल, रिमोट, अ‍ॅडॉप्टर, प्लग काढलेल्या इस्त्रीची वायर एवढंच तपासायचं असेल, तर दोनशे-अडीचशेचा ८३२ पुरे. बझर असलेलाच घ्या. तापमान हवं असेल तर ८३८. पण त्याने भिंतीतल्या, बोर्डातल्या जिवंत विजेला हात लावू नका.

जिला जिवंत विजेवर काम करायचंय, तिने कमीत कमी कॅट ३, ६०० व्होल्ट घ्यावा. दोन्ही वाटांवर सिरॅमिक फ्यूज, नाहीतर अँपियरचं भोकच नको. वायरीसुद्धा तेवढ्याच कॅटच्या, टोकांना बोट सरकू नये म्हणून कडा असलेल्या. चांगल्या मीटरला फुटपाथवरच्या वायरी लावल्या, तर तो चांगला मीटर राहत नाही.

दुकानात विचारायचे प्रश्न चारच. फ्यूज कुठला आणि तो परत मिळतो का? १० अँपियरला फ्यूज आहे का? कॅट किती, आणि कुणी तपासलाय? या नंबरात आणि पुढच्या नंबरात नेमकं काय वाढलं? चौथ्याचं उत्तर "लाइट लागतो" एवढंच असेल, तर पैसे वाचवा.

आणि सवयी दोन. काम झालं की लाल वायर काढून व्होल्टच्या भोकात घालायची, मगच मीटर पिशवीत. दुसरी, वीज गेली आहे असं मानण्याआधी मीटर चालू सॉकेटवर बघायचा, मग आपल्या वायरीवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळात मीटर मेला असेल, तर ते तिसऱ्या वेळी कळतं.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी परत लॅमिंग्टन रोडला गेली. दुकानदाराला म्हणाली, पाठ उघडून दाखवा. तो आधी हसला. मग त्याने स्क्रू काढले. ८३२ आणि ८३८ दोन्ही तिने परत ठेवले. घरी येऊन आईशी बोलली. आईची भिशी लागायला दीड महिना होता. तोवर ती कोर्समधलाच मीटर वापरत होती. परवा नवीन आणला. कॅट ३, दोन्ही वाटांवर सिरॅमिक फ्यूज, तापमान वगैरे काही नाही. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "मावशी, आधी तुम्ही बघा." मी नॉब फिरवला नाही. आधी वायर कुठल्या भोकात आहे ते बघितलं.

तुम्हीही तेच करा.